बारा कच्च्या गोट्या

आमच्या शाळेत एक मास्तर गोट्या चाटत असत.

हे वाक्य मी आजवर पुष्कळांना ऐकवलंय आणि दर वेळी ऐकणारा खो खो हसलाय. मीही त्यांच्याबरोबर हसायचो. आता हसत नाही. भिकाजीमास्तरांची सगळ्यांत जपलेली वस्तू माझ्या हातून नासली. ती कशी नासली हे त्यांनी विचारलं तेव्हा मी, गणिताचा मास्तर, खोटं बोलणाऱ्या पोरांना छड्या मारणारा, त्यांच्या तोंडावर धडधडीत खोटं बोललो. ते खोटं मी पुढे कधी परत घेतलं नाही. आज लिहायला बसलोय ते त्यासाठीच, पण ज्यांना सांगायचं ते आता नाहीत.

ते आमच्या शाळेत आले तो दिवस मला चांगला आठवतो. भिकाजी राघो कुंभार, राजापूरकडून बदली, चित्रकला आणि लहान मुलांचा वर्ग. सावळे, ठेंगणे, गुडघ्याच्या जरा खाली येणारं धोतर, आणि वर बंद गळ्याचा कोट. कोटाचे दोन्ही खिसे वजनाने ओघळलेले. चालले की खिशात काहीतरी खुळखुळायचं. हेडमास्तर त्यांना हजेरीपत्रक दाखवत होते आणि टेबलाचा खण उघडा होता. त्या खणात पोरांकडून जप्त केलेल्या गोट्यांचा ढीग असायचा. बोलता बोलता या गृहस्थांनी त्यातली एक मातीची गोटी उचलली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि सरळ जिभेच्या टोकाला लावली.

"अहो, अहो! काय करताय काय?" हेडमास्तर जवळजवळ किंचाळले. "सतरा वाड्यांच्या पोरांच्या हातची ती!"

"पावसकडची," भिकाजीमास्तर शांतपणे म्हणाले. "खाडीकाठची माती. भाजणी कमी झालीय, जीभ चिकटते बगा."

आणि गोटी त्यांनी हेडमास्तरांपुढे धरली. जणू तेही आता चाटून खात्री करून घेणार होते!

ती गोटी कुणाची होती म्हणून मधल्या सुट्टीत चौकशी झाली. पावसहून तरीने खाडी ओलांडून येणारा एक मुलगा होता, त्याची निघाली. मास्तरांच्या खोलीत त्या दिवशी दुसरं कशावर बोलणंच नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून भिकाजीमास्तरांचा पाण्याचा तांब्या कोपऱ्यातल्या फळीवर वेगळा ठेवला गेला. कुणी ठेवला, कुणाच्या सांगण्यावरून, कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी त्या काळी सुधारक होतो. म्हणजे गावात सहभोजनावर व्याख्यान असलं की पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचो. तांब्याचा विषय मात्र मला किरकोळ वाटला.

पोरांनी आठवड्याभरात त्यांचं नाव गोटीमास्तर पाडलं. त्यांना राग नव्हता. नादच तसा होता. काचेच्या गोट्या तेव्हा नुकत्या यायला लागल्या होत्या. शिमग्याला, गणपतीला मुंबईकर आले की पोरांसाठी घेऊन यायचे. शिवाय बाजारात सोड्याची बाटली फुटली की तिच्यातली गोटी मिळवायला मारामाऱ्या व्हायच्या. काचेची गोटी हातात आली की पोरगं आज्याच्या काळापासून घरात पडलेली मातीची गोटी परसात भिरकावून द्यायचं. भिकाजीमास्तर ती उचलायचे. परसात, न्हाणीघरामागे, गोठ्याच्या कुडात, जिथे सापडेल तिथे. राजिवड्यातल्या कोळ्यांच्या अंगणातून, मोहल्ल्यातून, महारवाड्यातून, भटांच्या आगरातून. आणि प्रत्येकीसाठी एका जुन्या वहीत लिहायचे: कुठली, कुणाची, कोणता डाव खेळायचे, गल किती अंगुळं खोल खणायचे, हरलेल्याला शिक्षा काय. पावसला डाव मोजायचे शब्द वेगळे, मिऱ्याला वेगळे, आणि दाभोळला आणखी तिसरेच. हे सगळं ते इतक्या गंभीरपणे सांगायचे की मला पेपर तपासताना हसू आवरायचं नाही.

"मास्तर, याने पोट भरणार का?" मी एकदा विचारलं.

"पोट पगाराने भरतं," ते म्हणाले. "हे आपलं... कोण खेळलं होतं ते कुणालातरी ठाऊक पायजे की नको?"

त्यांची एक सवय होती. बोलायच्या आधी ते गोटी तुमच्या तळहातावर ठेवायचे, आपल्या हाताने तुमची मूठ मिटायचे आणि म्हणायचे, "धरा. आधी गरम होऊ द्या, मग बोलू." मग खरंच गप्प बसायचे. थंड गोटी मुठीत हळूहळू ऊब धरायची आणि तोवर हा माणूस तुमच्याकडे असा बघत राहायचा की तुम्हाला उगाच अवघडल्यासारखं व्हायचं. शाळेत पुस्तकी बोलायचे, पण गोटी हातात आली की त्यांच्या बोलण्यात गावाकडचं हाय-नाय यायचं.

पोरं म्हणजे काय, बिलंदर. जुन्या मातीच्या गोटीला मास्तर नवी काचेची देतात हे कळल्यावर गावात जुन्या गोट्यांचा सुकाळ झाला. चैत्र-वैशाखात भाताच्या रोपांसाठी शेतात पालापाचोळा जाळतात, त्या भाजावळीत पोरं गोट्या पुरायची, दुसऱ्या दिवशी राखेतून उकरायची, शेणकाल्यात मळवायची आणि तोंड एवढंसं करून आणून द्यायची. "मास्तर, माझ्या पणज्याची!" मास्तर ती जिभेला लावायचे. पोराच्या चेहऱ्याकडे बघायचे. मग वहीत लिहायचे, आणि काचेची गोटी काढून द्यायचे.

मी म्हटलं, "अहो, उघड उघड फसवतात तुम्हाला."

त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. लिहिलं होतं: 'बाबू, तिसरीचा वर्ग, यंदाच्या भाजावळीत स्वतः भाजलेली. हात चांगला आहे. पणजोबांचे नाव विचारले, सांगता आले नाही.'

"पन्नास वर्षांनी ही पण जुनीच होणार हाय," ते म्हणाले. मला तेव्हा हा निव्वळ खुळेपणा वाटला.

एका दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर दाभोळला गेलो. हौस नव्हती, घरात पाहुणे फार झाले होते, एवढंच. दाभोळच्या खाडीचा काठ भरतीने ढासळला की मातीतून भाजलेले लहान गोळे निघतात असं त्यांनी ऐकलं होतं. जुनं बंदर, शेकडो वर्षांची वस्ती, तेव्हा गोळे कोणत्या काळचे असतील देव जाणे. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून त्यांनी पाचसात गोळा केले, खाडीच्या पाण्याने धुतले आणि एकेक चाटले. मी काठावर छत्री धरून उभा. मग ते एकदम खट्टू होऊन वर आले.

"हे गलोलीचे खडे असले तर?" म्हणाले. पाखरं मारायला गलोलीतून मातीचे गोळे सोडतात, ते अगदी असेच दिसतात. खेळाच्या गोट्या म्हणून त्यांनी जपून ठेवायचे आणि निघायचे शिकाऱ्याचे खडे!

तिथे धक्क्याजवळ एक म्हातारे तांडेल जाळं विणत बसले होते. हसनचाचा म्हणत त्यांना. सत्तरी कधीच उलटलेली, एका डोळ्यात पडदा. भिकाजीमास्तरांनी त्यांच्या तळहातावर एक गोळा ठेवला आणि मूठ मिटली. चाचांनी बोटांनी तो चहूकडून चाचपला.

"खड्याला इतके टवके कुठून पडतील, बाबा?" चाचा म्हणाले. "खडा एकदा सुटला की गेला. ही पोरांनी खेळलेली. मार खाल्लाय हिने."

आणि म्हातारा चक्क जाळं बाजूला टाकून उकिडवा बसला. गुडघे कडाकडा वाजले. टाचेने गल पाडला आणि गोटी अंगठ्याच्या नखावर धरून अशी उडवली की ती भिकाजीमास्तरांच्या गोटीला टणकन लागली. आमच्याकडे गोटी मारतात ती मधलं बोट मागे ताणून. मास्तरांनी तशी मारली, ती चुकली. पुन्हा मारली, पुन्हा चुकली.

"बोटाने काय माश्या हाकतोस रे?" चाचा ओरडले. "अंगठ्याने मार! आमचा आजा बसऱ्याला जायचा, मस्कतला जायचा, तिथली पोरं अशीच मारतात."

तीन डाव झाले. तिन्ही मास्तर हरले, आणि हरून इतका खूश झालेला दुसरा माणूस मी पाहिला नाही. शिक्षा म्हणून गोटी कोपराने गलापर्यंत ढकलत नेली, कोटाची बाही फाटली, त्याचंही त्यांना काही नाही. तिथेच वही काढून लिहिलं: बंदरावर अंगठा, आत घाटाकडे मधलं बोट.

"म्हणजे गोट्या अरबस्तानातून आल्या म्हणायच्या?" मी विचारलं.

"येवढ्यात कसं म्हणू? माती सगळीकडे असते आणि पोरंही सगळीकडे असतात. पण अंगठा तिकडून आला असेल. असेल, हां. लिहिताना मी 'असेल' असंच लिहिलंय."

परतीच्या आगबोटीत त्यांनी मला ती डबी दाखवली. पितळेची, तंबाखूची जुनी डबी. आत कापूस, आणि कापसावर बारा गोट्या. बाकीच्यांसारख्या तांबड्या नाहीत, फिकट करड्या. प्रत्येकीवर एक लहानसा दाबलेला ठसा, रेघान् रेघ दिसणारा.

"माझ्या बहिणीच्या," ते म्हणाले. "शेवंतीच्या. डाव्या हाताचा अंगठा हाय तो. डावरी होती."

पोरीच्या जातीने गोट्या खेळायच्या नाहीत, म्हणून आई मारायची. तरी ती खेळायची आणि वाडीतल्या पोरांना झोडपून काढायची. आपल्या गोट्या कुणी ढापू नयेत म्हणून ओल्या मातीवर अंगठा उमटवून ठेवायची. अठरा सालच्या तापाच्या साथीत, घरची भट्टी लावायच्या आदल्या दिवशी तिने या बारा वळल्या आणि वळचणीला सुकत ठेवल्या. सकाळी तिला ताप भरला. तिसऱ्या दिवशी ती गेली. नऊ वर्षांची होती. बापाने पुढे पंधरा दिवसांनी भट्टी लावली तेव्हा भिकाजीमास्तरांनी या बारा बाजूला काढल्या.

"भट्टीत एखादी तडकते," ते म्हणाले. "यातली एक जरी तडकली असती ना... धीर झाला नाय. कच्च्याच ठेवल्या."

मला गोष्ट ऐकून गलबलून आलं. खोटं नाही सांगत, डोळे पुसले मी. पण बोट हलत होती, मळमळू नये म्हणून मी नाकाशी लिंबू धरलं होतं. बहीण लक्षात राहिली, अंगठा लक्षात राहिला, आणि 'कच्च्या' हा शब्द तेवढा माझ्या डोक्यातून निसटला. मला गोटी म्हणजे गोटी. कुंभाराच्या मुलाने कच्ची म्हटलं की त्यात काय काय येतं, हे कळायला मी त्याचं बोलणं नीट ऐकायला हवं होतं. मी ऐकत होतो ते करमणूक म्हणून.

पुढच्या श्रावणात त्यांना गावाहून निरोप आला. बाप शिडीवरून पडला, मांडीचं हाड मोडलं. त्यांचं गाव राजापूरकडे, नाटे गावाजवळ, पावसात जाऊन यायचं म्हणजे पंधरा दिवस सहज. त्यांची इथली खोली खाडीलगत, भरतीला पाणी उंबऱ्याला लागायचं. तेव्हा ते सकाळीच लाकडी पेटी डोक्यावर घेऊन आमच्या दारात हजर. वर इरलं, आणि पेटीवर आपला कोट पांघरलेला.

"एवढी ठेवाल का, मास्तर? दुसऱ्या कुणाकडे ठेवायला जीव होत नाय. डबी आतच हाय. तेवढी सुकी राहू द्या."

"अहो, निर्धास्त जा," मी म्हटलं. ते गेले. पेटी पडवीत राहिली.

आमची आई फार सोवळ्याची. पेटीत काय आहे हे तिला ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. पडवीत झड येत होती, पेटीचा तळ भिजायला लागला होता, म्हणून मी ती आत घ्यायला उचलली तर आई माजघराच्या दारात उभी राहिली.

"सगळ्या वाड्यांतलं उष्टं-खरकटं आहे ते. तसंच आत आणायचं नाही हो."

"आई, मातीच्या गोट्या आहेत!"

"मातीचंच तर वाईट. मातीचं भांडं विटाळलं तर फोडून टाकतात. हे भांडं नव्हे म्हणून म्हणत्ये, पाण्यात घाल, वर तुळशीचं पान टाक, आणि मग आण खुशाल. मी कुठे नको म्हणत्ये?"

आता, मी म्हणू शकलो असतो की नाही घालत. मी कर्ता मुलगा होतो, पगार माझा होता, आईने दोन दिवस अबोला धरला असता आणि विषय संपला असता. पण पानं वाढलेली होती, भूक लागली होती, आणि मला वाटलं, पाणीच तर आहे! कशाला वाद? मोठं घंगाळ घेतलं, पाणी भरलं, तुळशीचं पान टाकलं आणि पेटीतल्या सगळ्या गोट्या आत ओतल्या. डबी उघडली तेव्हा क्षणभर थांबलो. मग वाटलं, या तर त्यांच्या सगळ्यांत लाडक्या, या आधी स्वच्छ व्हायला हव्यात. त्याही सोडल्या. आणि जेवायला बसलो.

जेवून, सुपारी खाऊन आलो तर पाणी गढूळ झालेलं. मी हाक मारून म्हटलं, "आई, बघ केवढी घाण होती!" काय सांगू, मला आनंद झाला होता. वरचं पाणी मी केळीच्या बुंध्याशी ओतलं. तळाच्या गोट्या एकेक पुसून पेटीत लावायला लागलो, छान लखलखत होत्या. शेवटी डबी उरली. तिच्यात घालायला गोट्याच नव्हत्या. घंगाळाच्या तळाशी बोटभर करडा गाळ होता.

मी गाळात बोटं फिरवली, एकही हाताला लागली नाही. आई आली, तिने घंगाळात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी तिला शेवंतीचं सांगितलं.

"तो आला की त्याला खरं सांग हो," ती म्हणाली. "माझं नाव घे. म्हणावं, म्हातारीच्या खुळापायी झालं. मी त्याच्यासमोर येईन."

माझी सोवळी आई हे म्हणाली. सुधारक मी होतो.

गाळ मी फडक्यावर काढला, तो सुकून त्याचं ढेकूळ झालं, ते डबीत ठेवलं. भिकाजीमास्तर सतराव्या दिवशी आले. पावसाने उघडीप दिली होती. पडवीत बसले, बापाच्या मांडीचं सांगितलं, आणि मग पेटी उघडून डबी हातात घेतली. उघडली.

मी रात्रंदिवस वाक्य घोकून ठेवलं होतं. पाण्यात घातल्या. पण पाण्यात का घातल्या, हे त्यापुढे सांगावं लागणार होतं. तुमच्या गोट्या आमच्या घराला चालत नव्हत्या, हे त्या माणसाच्या तोंडावर म्हणावं लागणार होतं. आतून आईच्या बांगड्यांचा आवाज आला, ती यायला निघाली होती. तेवढ्यात मी बोलून गेलो, "छप्पर गळलं हो, मास्तर. पेटीवरच धार लागली. आम्हाला कळलंच नाही."

बांगड्यांचा आवाज थांबला. ती बाहेर आली नाही.

भिकाजीमास्तरांनी ढेकळाचा एक तुकडा मोडला आणि जिभेला लावला. नेहमीसारखाच. मग जिभेवरून काहीतरी काढलं, नखावर धरून पाहिलं. सुकलेल्या तुळशीच्या पानाचा तुकडा होता. तो त्यांनी पडवीच्या कठड्यावर हळूच ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. वर बघितलं.

"कौल कुठलं गळतं?"

मी हात वर करून एक कौल दाखवलं. कुठलं तरी.

"शिडी हाय काय?"

"अहो, राहू द्या ना..."

पण ते उठले होते. कुंभाराचं पोर, कौलं त्यांच्या घरीच व्हायची. शिडी लावून वर चढले. मी खाली शिडी धरून उभा. त्यांनी मी दाखवलेलं कौल उचललं. त्याखालची जळमटं आणि कोरडी धूळ भुरभुरत माझ्या तोंडावर पडली. पंधरवडाभर पाऊस कोसळला होता आणि त्या जागी थेंब शिरलेला नव्हता. ते कौल हातात धरून ते तसेच बसून राहिले. मग ते बाजूला ठेवून त्यांनी कडेला रचलेल्या जादा कौलांतलं एक चांगलं त्या जागी बसवलं, अंगठ्याने नीट दाबलं, आणि खाली आले.

"आता गळणार नाय," म्हणाले. चहा घ्या म्हटलं तर नको म्हणाले. पेटी डोक्यावर घेतली आणि निघाले. फाटकाशी एकदा वळून म्हणाले, "चूक माजीच हाय, मास्तर. भाजायला पायजे होत्या."

त्यानंतर दोन वर्षं आम्ही एकाच खोलीत बसलो. ते बोलायचे, हसायचे, वहीत लिहिलेलं वाचून दाखवायचे. कुणाला काही वेगळं दिसलं नसतं. फक्त नवी गोटी मिळाली की ती माझ्यासमोर टेबलावर ठेवायचे. माझ्या हातात त्यांनी दिली नाही. 'धरा' म्हणाले नाहीत. मी वाट बघायचो. रोज ठरवायचो की आज सांगायचं, मधल्या सुट्टीत सांगायचं, शाळा सुटल्यावर खाडीच्या वाटेवर गाठून सांगायचं. आणि मी मनाशी म्हणायचो की त्यांना कळलं नसेल, तुळशीचं पान वाऱ्याने कुठूनही येतं. कोपऱ्यातला तो तांब्या मी एक दिवस उचलून बाकीच्यांत आणून ठेवला. कुणी काही बोललं नाही. इतकं सोपं होतं ते.

मग त्यांची बदली दाभोळला झाली. मागून घेतली होती म्हणे. मांडवी बंदरावर पोचवायला मी आणि सातआठ पोरं. आगबोट बाहेर समुद्रात उभी होती, उतारू पडावात बसून तिच्याकडे जात होते. पोरांनी काचेच्या गोट्या वाजवून नुसता कल्ला मांडला होता. पेटी पडावात चढली. मी म्हटलं, "मास्तर, मला तुम्हाला एक..."

त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला, माझा उजवा हात धरला, तळहातावर काहीतरी ठेवलं आणि माझी मूठ मिटली.

"धरा. आधी गरम होऊ द्या."

मोठी गोटी होती, ढब्बू, मुठीत मावत नव्हती. तांबडीलाल, खणखणीत भाजलेली. मी मूठ उघडली. तिच्यावर ठसा नव्हता. मला न सांगता कळलं, ती डबीतल्या ढेकळाची होती, बारा गोट्यांचा गाळ एकत्र मळून केलेली, केळीच्या बुंध्याशी गेला तेवढा वगळून. एके ठिकाणी बारीक तडा गेला होता, भट्टीतच गेला असावा. गोटी गरम झाली होती. पडाववाला हाका मारत होता.

भिकाजीमास्तरांनी ती माझ्या हातातून उचलून घेतली. कोटाला पुसली. रागाने नाही, अगदी सवयीने, एखादं काम पुरं झाल्याचं सांगावं तसं म्हणाले, "आता धुतलीत तरी चालंल."

आणि पायऱ्या उतरून पडावात बसले. पडाव लांब जाईपर्यंत पोरं ओरडत होती. मला त्यांची पाठ दिसत होती, आणि कोटाच्या खिशात गेलेला उजवा हात. तो त्यांनी आगबोटीची शिडी येईपर्यंत बाहेर काढला नाही.